मेळ्याच्या दिवसांत शोरूममधला छुपा कॅमेरा: ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंद्यांच्या काळात गुरांचा मेळा म्हणून सुरू झाला. आता तिथे खरी गर्दी गाड्यांच्या दालनांपुढे असते. कारण पैशाचं आहे. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर मध्य प्रदेश सरकार रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट देत आलं आहे. त्यासाठी दर वर्षी वेगळा आदेश लागतो, आणि मेळा उघडून दिवस लोटले तरी आदेश निघालेला नाही, असंही झालेलं आहे. त्या मधल्या दिवसांत शहरातल्या प्रत्येक शोरूममध्ये गिऱ्हाईक एकच विचारतं: "आत्ता घेऊ की थांबू?"

हे प्रकरण अशाच एका हिवाळ्यातलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, गाडीच्या कंपनीचं नावही दिलेलं नाही. डीलरशिपचे मालक ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या मराठी घरातले. सगळा स्टाफ त्यांना भाऊसाहेब म्हणतो. सेल्स कन्सल्टंट मराठीच, तिशीतली, चांगली विक्री करणारी. मी त्या डीलरशिपच्या अंतर्गत तक्रार समितीची बाहेरची सदस्य आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अशी समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो. समितीपुढच्या कामकाजाबद्दल कायदा गुप्तता सांगतो, म्हणून त्या भागात निष्कर्षापलीकडे काही लिहिलेलं नाही.

गाड्यांच्या धंद्यात मिस्टरी शॉपर नवा नाही. कंपनी एका पाहणी संस्थेला काम देते, संस्था एक माणूस गिऱ्हाईक बनवून पाठवते. स्वागत किती वेळात झालं, टेस्ट ड्राइव्ह विचारली का, कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, विमा, टॅक्स वेगवेगळे दाखवले का, योजनेबाहेर सूट दिली का, असे ठरलेले मुद्दे तो तपासतो. पूर्वी तो घरी जाऊन फॉर्म भरायचा. आता शर्टाच्या बटणात किंवा पेनात कॅमेरा असतो. डीलरला मिळणाऱ्या गुणांवर त्याचं मार्जिन आणि चालत्या मॉडेल्सचा वाटा अवलंबून असतो. त्यामुळे या अहवालाला कुठलाही मालक सहज नाही म्हणत नाही.

त्या दिवशी काय झालं

आठवड्यातला गर्दीचा दिवस. एक गृहस्थ आले, मधल्या किमतीची पेट्रोल गाडी विचारली. तिने माहिती दिली, टेस्ट ड्राइव्ह दिली, कोटेशन काढलं. ते गृहस्थ खूप वेळ घासाघीस करत राहिले. शेवटी तिने फ्लोअर मॅट आणि मडफ्लॅप फुकट देऊ असं सांगितलं. टॅक्सचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "सर, घाई नसेल तर आदेशाची वाट बघा. निघेलच असं मी सांगू शकत नाही, पण निघाला तर तुमचे बरेच पैसे वाचतील."

काही दिवसांनी कंपनीच्या एरिया मॅनेजरने भाऊसाहेबांना आणि शाखेच्या मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला आणि खुलासा मागितला. आरोप दोन होते. योजनेबाहेर अॅक्सेसरीज देऊ केल्या, आणि गिऱ्हाइकाला खरेदीपासून परावृत्त केलं. डीलरशिपला दंड, आणि तो संबंधित कर्मचाऱ्याच्या इन्सेंटिव्हमधून वळता करावा अशी सूचना.

व्हिडिओत मात्र या दोन वाक्यांशिवाय पुष्कळ काही होतं. टेस्ट ड्राइव्हचा सगळा वेळ ती शेजारच्या सीटवर होती आणि कॅमेरा छातीच्या उंचीवरून तिच्याकडे वळलेला होता. मधे तिला घरून फोन आला. आईच्या डायलिसिसची वेळ बदलल्याचं ती दबक्या आवाजात बोलली, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आणि शोरूममधल्या भागात तिच्या मागच्या टेबलावर एक नवरा-बायको कर्जाचे कागद देत बसले होते. फायनान्सचा मुलगा त्यांचा पगार आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, मोठ्याने वाचून दाखवत होता. टेबलावर पॅन कार्ड होतं.

अडचण कुठे वाढली

इथपर्यंत हे प्रकरण एका अहवालाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये शाखेच्या मॅनेजरने तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. हेतू शिकवण्याचा होता असं तो सांगतो, आणि ते खोटं वाटत नाही. आपल्यावर असं काही आलं आहे हे तिला तोपर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्या टीमसमोर, पडद्यावर, तिने ते पहिल्यांदा पाहिलं.

कोणीतरी मोबाइलवर पडद्याचं शूटिंग केलं. टेस्ट ड्राइव्हचा तुकडा टीममधल्या मुलांच्या एका ग्रुपमध्ये गेला, त्याखाली तिच्या दिसण्यावरून घाणेरडी ओळ लिहिलेली. ग्वाल्हेरमधली मराठी घरं एकमेकांना ओळखतात. गणपतीत, लग्नकार्यात तीच माणसं भेटतात. संध्याकाळपर्यंत तो तुकडा तिच्या दिरापर्यंत पोहोचला होता.

ती भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा दंडाबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "भाऊसाहेब, मी त्या माणसाशेजारी एकटी बसले होते. कंपनीच्या कामासाठी बसले होते. त्याच्या शर्टात कॅमेरा आहे हे कंपनीला माहीत होतं, मला नव्हतं."

भाऊसाहेबांनी त्याच दिवशी मला फोन केला. या प्रकरणात पुढे जे काही नीट झालं ते तिच्या त्या बोलण्यामुळे झालं असं मला वाटतं, कारण त्याने प्रश्न दंडावरून हलवून जिथला होता तिथे नेऊन ठेवला.

कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही

तिच्या भावाचं म्हणणं होतं, सरळ पोलिसांत जाऊ. म्हणून आधी कलमं पाहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई शरीराच्या खाजगी भागाचं चित्रण करण्याबद्दल आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याबद्दल आहे. शोरूम किंवा टेस्ट ड्राइव्ह यात बसत नाही. मिस्टरी शॉपरने केलेलं शूटिंग या कलमांखाली गुन्हा ठरवणं कठीण होतं. ग्रुपमध्ये टाकलेल्या ओळीची गोष्ट वेगळी.

कंपनीच्या माणसाने दुसरी बाजू मांडली: "चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टातसुद्धा चालतं." हे अर्धंच खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये आर. एम. मलकानी प्रकरणात, मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाचेच्या खटल्यात, गुपचूप टेप केलेलं संभाषण पुरावा म्हणून मान्य केलं होतं. पण पुरावा म्हणून दाखल होणं निराळं आणि तो पुरावा सकाळच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लावणं निराळं. ज्या न्यायालयाने मलकानीचा निकाल दिला त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध उभा राहतो. खाजगी कंपन्यांनाही बांधणारा 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा त्यानंतर आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना यांसारख्या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे आज दंडाची टांगती तलवार नसली तरी कंपन्यांना तयारी आत्ताच करायची आहे.

या कायद्यातला एक बारकावा आमच्या चर्चेत फार उपयोगी पडला. माहिती संमतीने घ्यावी, हा त्यातला मुख्य नियम. संमतीशिवाय चालेल अशी मोजकी कारणं कलम 7 मध्ये दिली आहेत. त्यातलं एक कारण नोकरीसंबंधी आहे: मालकाचं नुकसान किंवा जबाबदारी टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरता येते. पण मालक कोण? तिचा पगार डीलरशिप देते. कॅमेरा पाठवला गाडी बनवणाऱ्या कंपनीने, शूटिंग केलं तिसऱ्याच संस्थेने. त्या दोघांपैकी तिचा मालक कोणीच नाही.

आणि मागच्या टेबलावरचं जोडपं तर कोणाचंच नोकर नव्हतं. त्यांचा पगार, पॅन आणि सिबिल स्कोअर एका अनोळखी माणसाच्या शर्टातून एका संस्थेच्या सर्व्हरवर गेला, याला कलम 7 मध्ये कुठलंही कारण सापडत नाही. छुप्या शूटिंगची चर्चा बहुतेक वेळा कर्मचारी आणि कंपनी यांच्यात अडकते, आणि शेजारी बसलेला ग्राहक विसरला जातो. सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झालेला असतो, कारण त्याला कळतही नाही.

सीसीटीव्हीचा दाखला कंपनीने दिलाच. शोरूममध्ये कॅमेरे आहेत, मग तक्रार कसली? पण सीसीटीव्ही दिसतो, त्याची पाटी असते, तो कुठे बघतो हे माणसाला कळतं आणि आईच्या आजाराचा फोन घ्यायला माणूस त्याच्यापासून लांब जाऊ शकतो.

दंडाच्या मूळ कारणाबद्दलही एक गोष्ट भाऊसाहेबांसमोर ठेवली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड केला होता. डीलरने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये यासाठी मिस्टरी शॉपिंग संस्था नेमणं, त्यांच्याकडून ऑडिओ-व्हिडिओ पुरावा घेणं आणि डीलर व त्याच्या कर्मचाऱ्यांना दंड लावणं, ही पद्धत आयोगाने त्या आदेशात नोंदवली होती. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. आमच्या प्रकरणातली कंपनी वेगळी आणि करार वेगळा. तरी चार फ्लोअर मॅटसाठी व्हिडिओ दाखवून दंड मागणं ही साधी शिस्तीची बाब नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सोपा होता: दंड भरा, तिच्या इन्सेंटिव्हमधून कापा, विषय संपवा. शाखेच्या मॅनेजरचा कल याकडे होता, कारण मेळ्याचे दिवस होते आणि कंपनीशी वाकडं घेतलं तर गाड्या कमी मिळतील ही भीती खरी होती. पण यात व्हिडिओ कोणाकडे आहे हा प्रश्न तसाच राहत होता.

दुसरा, पोलिसांत तक्रार. ग्रुपमधल्या ओळीपुरता तो मार्ग मोकळा होता आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त तिचा होता. तिने दोन दिवस विचार केला. तक्रार केली की मोबाइल जप्त होणार, तो तुकडा आणखी लोक पाहणार, हे तिला नको होतं. तिने समितीकडे यायचं ठरवलं. तिच्या घरच्यांना हे पटायला वेळ लागला; निर्णय तिचा आहे हे तिच्या सासूबाईंनी सगळ्यांना ऐकवलं.

तिसरा, कंपनीला ठणकावून सांगणं की यापुढे छुपा कॅमेरा चालणार नाही. भाऊसाहेबांना रागाच्या भरात हेच करायचं होतं. पण त्यांच्या डीलर करारात "ध्वनिचित्र पुराव्यासह तपासणी" असं कलम होतं आणि त्यावर त्यांचीच सही होती.

चौथा पर्याय आम्ही बोलता बोलता तयार झाला. तपासणी राहू द्यायची. गिऱ्हाइकाला फसवलं जातं का हे कळणं गिऱ्हाइकाच्याच हिताचं आहे. माथी मारलेला विमा, हँडलिंगच्या नावाखाली घेतलेले पैसे, हे कोणीतरी तपासलंच पाहिजे. पण तपासणीला हवी असतात उत्तरं: सूट दिली का, टॅक्स वेगळा दाखवला का. त्यासाठी चेहरा लागत नाही, शेजारचं टेबल लागत नाही, आईचा आजार लागत नाही. मग जे लागतं तेवढंच मागायचं.

काय केलं

सगळ्यात आधी तुकडा थांबवला. भाऊसाहेबांनी स्वतः टीमला बोलावून सांगितलं की हा व्हिडिओ ज्याच्याकडे आहे त्याने आत्ता काढून टाकावा आणि पुढे पाठवणाऱ्यावर कारवाई होईल. सांगताना त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. मूळ व्हिडिओ एकाच पेन ड्राइव्हवर सीलबंद ठेवला, कारण समितीला तो लागणार होता. बाकी सगळीकडून काढला.

मग कंपनीला पत्र गेलं. त्यात तिच्या "चुकीचा" खुलासाही होता आणि तो मुद्दाम ठामपणे लिहिला: टॅक्सच्या आदेशाची वाट पाहण्याचा सल्ला गिऱ्हाइकाच्या हिताचा होता, तिने कोणतंही आश्वासन दिलेलं नव्हतं, आणि तसा सल्ला न देणं ही लपवाछपवी ठरली असती. अॅक्सेसरीजची जबाबदारी डीलरशिपने घेतली. त्या देण्याची तोंडी मुभा मॅनेजरनेच टीमला दिलेली होती. पुढे तीन मागण्या. मूळ शूटिंग कोणाकोणाकडे आहे ते कळवा. तिसऱ्या माणसांचा भाग नष्ट करून तसं लेखी द्या. आणि यापुढे डीलरला लेखी अहवाल पाठवा. वाद झाला तरच व्हिडिओ, तोही मालक आणि संबंधित कर्मचारी यांनाच, कंपनीच्या कार्यालयात. पाहणी संशोधकांची एसोमार ही आंतरराष्ट्रीय संघटना मिस्टरी शॉपिंगबद्दलच्या मार्गदर्शनात कर्मचाऱ्यांना अशा तपासणीची आगाऊ कल्पना द्यावी असं सांगते, याचाही उल्लेख केला. म्हणजे आपण जगावेगळं काही मागत नाही हे दिसावं.

मागच्या टेबलावरच्या जोडप्याला सांगायचं का, यावर सर्वात जास्त वाद झाला. मॅनेजर म्हणाला, त्यांना माहीतच नाही, मग कशाला ओढवून घ्यायचं? भाऊसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मला कळलेलं हवं असतं." ते स्वतः त्यांच्या घरी गेले. गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला: "पगाराचा आकडा ऐकू येतो का?" हो म्हणावं लागलं. ते चिडले, आणि तो राग रास्त होता. त्यांनी घडलेलं सगळं पत्रात लिहून मागितलं, ते दिलं. बुकिंग त्यांनी ठेवलं, पण कर्ज डीलरशिपच्या फायनान्स डेस्कवरून न घेता थेट आपल्या बँकेतून घेतलं.

निकाल

समितीने ग्रुपमध्ये ओळ लिहिणारा आणि तुकडा पसरवणारा, दोघांवर कारवाईची शिफारस केली आणि ती अमलात आली. शाखेच्या मॅनेजरला लेखी समज मिळाली. तिचा इन्सेंटिव्ह तिला पूर्ण मिळाला आणि भाऊसाहेबांनी ज्या हॉलमध्ये व्हिडिओ लावला गेला होता तिथेच, त्याच टीमसमोर तिची माफी मागितली. तिने मेळा संपेपर्यंत काम केलं आणि नंतर दुसरीकडे नोकरी धरली. ती राहिली असती तर मला अधिक समाधान वाटलं असतं. पण जाण्याचं कारण विचारल्यावर तिने जे सांगितलं ते मान्य करावं लागतं: टेस्ट ड्राइव्हला बसताना तिची नजर आता आधी समोरच्याच्या शर्टाकडे जाते.

कंपनीचं उत्तर यायला बराच काळ गेला. दंड मागे घेतला, कारण दिलं नाही. यापुढे लेखी अहवाल पाठवण्याचं मान्य केलं. शूटिंग काढून टाकल्याचा एक ईमेल आला. त्यासोबत कसलाही पुरावा नव्हता. मिस्टरी शॉपरला पाठवणं आणि त्याच्याकडे कॅमेरा देणं मात्र चालूच आहे.

शोरूममध्ये एक बदल लगेच झाला. कर्जाचे कागद आता दार लागणाऱ्या केबिनमध्ये घेतले जातात आणि सिबिल स्कोअर मोठ्याने वाचला जात नाही. कॅमेरा नसतानाही हे असंच व्हायला हवं होतं.

कोणत्या वळणावर वेगळं करता आलं असतं

पहिलं वळण कराराचं. सही करताना ध्वनिचित्र पुराव्याच्या कलमावर कोणी बोट ठेवलं नाही. शूटिंग किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, तिसऱ्या माणसाचं काय, हे तेव्हाच विचारता आलं असतं. सहीआधी डीलरचा शब्द ज्या वजनाने ऐकला जातो तो नंतर ऐकला जात नाही.

दुसरं वळण एरिया मॅनेजरच्या फोनवरचं. अहवाल मेलने, व्हिडिओशिवाय आला असता तर या लेखातलं निम्मं घडलंच नसतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, व्हिडिओ मिळाल्यापासून सकाळच्या मीटिंगपर्यंतची रात्र. शाखेच्या मॅनेजरकडे अख्खी रात्र होती. तिला फोन करून "तुझ्याबद्दल असं आलं आहे, उद्या आधी मला भेट" एवढं म्हणायला दोन मिनिटं लागली असती. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी दाखवावं, त्याचं ऐकावं, मग ठरवावं, हा चौकशीचा अगदी प्राथमिक नियम आहे आणि शोरूमच्या मीटिंगलाही तो लागू पडतो.

भाऊसाहेबांनी नंतर सगळ्या स्टाफच्या नियुक्तिपत्राला एक पुरवणी जोडली. मागणाऱ्या डीलरांना आम्ही ती देतो, म्हणून इथे पूर्ण देते: "आपल्या कामाची पाहणी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या व्यक्तीकडून होऊ शकते व तीत ध्वनी किंवा चित्र नोंदवले जाऊ शकते. अशी नोंद डीलरशिपकडे आल्यास ती प्रथम आपल्याला दाखवली जाईल. ती मीटिंगमध्ये, प्रशिक्षणात किंवा कोणत्याही ग्रुपवर वापरली जाणार नाही. आपले म्हणणे लेखी घेतल्याशिवाय कोणतीही कपात किंवा कारवाई होणार नाही. अनोळखी व्यक्तीसोबत एकट्याने टेस्ट ड्राइव्हला जाण्यास नकार देण्याचा आपल्याला अधिकार आहे व त्यामुळे आपल्या गुणांवर परिणाम होणार नाही."

कराराचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. त्या कलमात बदल सुचवणारा मसुदा कंपनीकडे गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.